बोट नसलेल्या बाईचा सेलिंग क्लब



गेल्या भागात मी बोलता बोलता म्हणून गेले की ऑगस्टअखेर शिडाच्या बोटीतून फ्रान्सला जाऊन आले. विषय वेगळाच होता, वाक्य एकच होतं. पण त्यावर जेवढे व्हॉइस नोट आले तेवढे आख्ख्या भागावर आले नाहीत. एकाने विचारलं, "ताई, तुमची यॉट आहे?" एकीने थेट खर्चाचा हिशोबच मागितला. आणि एक मुलगा म्हणाला, "हे सगळं श्रीमंतांचं ना? आपलं काय तिथे?" तर आजचा भाग यावरच.

उत्तर आधीच देऊन टाकते. माझ्याकडे बोट नाही. माझ्याकडे सायकल आहे आणि तिचाही मागचा ब्रेक नीट लागत नाही. मी सांगलीची. आमच्याकडे पाणी म्हणजे कृष्णा, आणि मोठं पाणी म्हणजे पूर. २०१९ ला आमच्या गल्लीत होडी आली होती. ती माझ्या आईने पाहिलेली शेवटची होडी, आणि तिचं त्यावरून होड्यांबद्दल जे मत झालंय ते अजून बदललेलं नाही. नोकरीसाठी मी साउदॅम्प्टनला आले त्याला आता पाच वर्षं झाली. इथल्या एका छोट्या सेलिंग क्लबची मी चार वर्षं सभासद आहे. वर्षाची फी माझ्या आधीच्या जिमपेक्षा कमी आहे, आणि जिमला मी जात नव्हते.

जागा नीट डोळ्यासमोर यावी म्हणून फोनवर नकाशा उघडा. इंग्लंडचा दक्षिण किनारा, साधारण मधोमध. तिथे शंकरपाळीच्या आकाराचं एक बेट दिसेल. ते आइल ऑफ वाइट. बेट आणि इंग्लंड यांच्यामधली जी पाण्याची पट्टी आहे ती सोलंट. साउदॅम्प्टन त्याच्या वरच्या टोकाला, आणि शेजारी हॅम्बल नावाची छोटी नदी, जिच्यात पाणी कमी आणि बोटी जास्त असं वाटतं.

सोलंटची भरती-ओहोटी हा वेगळाच प्रकार आहे. साउदॅम्प्टनला भरतीचं पाणी चढलं की लगेच उतरत नाही. थबकतं, थोडं उतरतं, पुन्हा चढतं. म्हणजे एका भरतीला जवळजवळ दोन वेळा पूर्ण भरलेलं पाणी. आणि उधाणाच्या दिवसांत ओहोटी एवढी खाली जाते की सोलंटच्या मधोमध ब्रॅम्बल बँक नावाची वाळूची पट्टी तासभर उघडी पडते. त्या तासात तिथे दरवर्षी दोन क्लब क्रिकेट खेळतात! खरंच. पांढरे कपडे, स्टंप, घोट्यापर्यंत पाणी. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं, एका वर्षी हा क्लब, पुढच्या वर्षी तो. पाणी परत चढायला लागलं की सामना संपला. आता याच वाळूवर २००८ मध्ये क्वीन एलिझाबेथ टू हे अवाढव्य जहाज, साउदॅम्प्टनच्या आपल्या शेवटच्या फेरीत, रुतून बसलं होतं. म्हणजे क्रिकेटची खेळपट्टी तशी धोकादायकच.

बरं, क्लब. सोलंटच्या काठी दोन प्रकारचे क्लब आहेत. काही जुने, मानाचे. काउझचं रॉयल यॉट स्क्वॉड्रन १८१५ चं. तसल्या जागी ब्लेझर लागतो, भिंतीवर राजाराण्यांच्या तसबिरी असतात. आपल्याकडचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब, गेटवेजवळचा, १८४६ चा, तोही याच घराण्यातला. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तिथे कदाचित 'हो' असं असेल. दुसरा प्रकार म्हणजे आमचा. नदीकाठी एक लाकडी शेड, तिच्या मागे चिखल, पुढे तरंगता धक्का, आत एक बार, एक स्वयंपाकघर आणि एक हीटर, जो फक्त कमोडोरबाईंचं ऐकतो.

कमोडोर हे पद ऐकून मी पहिल्या दिवशी सावधान उभी राहायच्या बेतात होते. कमोडोर, मग व्हाइस कमोडोर, मग रिअर कमोडोर, एखाद्या आरमारासारखं. आमच्या कमोडोरबाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या तुंबलेलं सिंक मोकळं करत होत्या. इथे पगारी माणूस कोणी नाही. बार सभासद चालवतात, जेवण सभासद करतात, शर्यतीच्या दिवशी बचावाची बोट सभासद चालवतात. सगळ्याची पाळी लावलेली असते आणि पाळी चुकवणाऱ्याकडे अशा नजरेने बघतात की ओरडलेलं परवडलं.

आणि हो, एक गोष्ट लपवून ठेवण्यासारखी नाही. खोलीत बहुतेक सगळे गोरे, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. माझ्यासारखी मी एकटी. पहिल्या हिवाळ्यात 'करी नाइट' आली तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला ते जरा टोचलंच. मग मी म्हटलं, ठीक आहे, पण टिक्का मसाला मिळणार नाही. मटकीची उसळ आणि कांदाभजी केली. भजी दहा मिनिटांत संपली, उसळीबद्दल दोन गट पडले आणि ते अजून आहेत.

आता यांचं वर्ष कसं चालतं ते सांगते, कारण फ्रान्सची गोष्ट त्यातूनच निघते.

हिवाळ्यात बोटी पाण्याबाहेर असतात. शरदात एक दिवस क्रेन येते आणि एकेक बोट उचलून आवारात लाकडी ठोकळ्यांवर ठेवते. मग बोटीच्या बुडाला चिकटलेलं शेवाळ, शिंपले खरवडायचे, घासायचं, पुन्हा रंग द्यायचा. वसंतात क्रेन पुन्हा येते आणि बोटी पाण्यात. त्या सुमाराला जे जेवण होतं ते फिटिंग-आउट सपर, म्हणजे बोटी सज्ज केल्याचं जेवण. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या पुन्हा समुद्रात घालतात ना, तसा हा त्यांचा मुहूर्त, फक्त नारळाच्या जागी शेफर्ड्स पाय. आणि मोसम संपला की लेइंग-अप सपर, बोटी ठेवून दिल्याचं जेवण. त्यात बक्षिसं वाटतात. सगळ्यात मानाचं बक्षीस कुठलं, तर वर्षातल्या सगळ्यात मोठ्या फजितीचं. लाकडी पाटीवर बसवलेला एक गंजका नांगर. वाळूत रुतलेला, इंधन संपलेला, दुसऱ्याचीच बोट आपली समजून तिच्यात चढलेला, असा कोणीतरी तो घेऊन घरी जातो आणि वर्षभर दिवाणखान्यात ठेवतो.

मधल्या उन्हाळ्यात सहली. पाच-सहा बोटी मिळून एखाद्या बंदरात किंवा खाडीत जायचं. बेटावरचं यार्मथ, न्यूटाउनची खाडी, किंवा ब्यूली नदीतलं बकलर्स हार्ड, जिथे नेल्सनचं ॲगामेम्नॉन हे जहाज १७८१ मध्ये बांधून पाण्यात सोडलं होतं. संध्याकाळी बोटी एकमेकींना खेटून बांधतात, आणि मग या बोटीवरून त्या बोटीवर, हातात ताटली घेऊन. मी थालीपीठं नेते. दही संपतं, थालीपीठं उरत नाहीत.

पहिली दोन वर्षं मला वाटायचं, ही जेवणं आणि क्विझ नाइट म्हणजे म्हाताऱ्या लोकांचा टाइमपास. खरं काम तर समुद्रावर. मग एक गोष्ट कळली जिच्यावर आधी माझा विश्वासच बसला नाही. ब्रिटनमध्ये स्वतःच्या हौशीच्या छोट्या बोटीला लायसन्स लागत नाही. गाडीला लागतं, टीव्हीला लागतं, बोटीला नाही. शिकण्याची सोय चांगली आहे, रॉयल यॉटिंग असोसिएशनचे कोर्स आहेत, मी पाच दिवसांचा कॉम्पिटंट क्रूचा केलाही. पण सक्ती नाही. उद्या कोणीही बोट विकत घेऊन तुम्हाला म्हणू शकतो, "चला, येता का फ्रान्सला?" आणि तुम्ही त्याच्या बोटीत पाय ठेवलात की पुढचे बारा तास तुमचा जीव त्याच्या हातात. मग त्याला ओळखायचं कसं?

जेवणांतून. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. धक्क्याला बोट लावताना बायकोवर कोण ओरडतो, ते सगळ्या क्लबला माहीत असतं. कोण हवामानाचा अंदाज वाईट आला की परत फिरतो, कोण "होईल काहीतरी" म्हणतो, कोण स्वतःची फजिती हसत सांगतो आणि कोण ती लपवतो आणि तीन महिन्यांनी दुसऱ्याकडूनच कळते. गंजक्या नांगराच्या बक्षिसाचं कामच ते. ज्याने ते कधीच मिळवलेलं नाही त्याच्यापासून आमच्या सहलींच्या सेक्रेटरीबाई जरा जपून असतात. या सेक्रेटरीबाईंकडे एक वही आहे. कोणाला क्रू हवाय, कोणाला बोट हवीय, आणि कोणाला कोणाबरोबर पाठवायचं नाही. तिसरा रकाना त्या कोणाला दाखवत नाहीत.

तर काका. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, मीही त्यांना तशीच मारते, पण मराठीत बोलायला लागलं की माझ्या तोंडी काकाच येतं. वय ७४. १९८० च्या दशकातली एकतीस फुटी बोट. ते आणि त्यांची बायको तीसेक वर्षं दोघंच ती चालवायचे. त्या गेल्या, आणि पुढचे दोन मोसम बोट आवारात ठोकळ्यांवरच राहिली. काका क्रेनच्या दिवशी यायचे, दुसऱ्यांच्या बोटी उचलायला मदत करायचे आणि स्वतःच्या बोटीखाली बसून डबा खायचे.

त्यांची माझी ओळख कशी झाली तेही सांगते. हिवाळ्यात गुरुवारी क्लबात कोणीतरी व्याख्यान देतं. ग्रीसला गेलो, इंजिन कसं दुरुस्त करावं, असलं. एका जानेवारीत मला उभं केलं. मी 'म्हादेई'वर बोलले. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली ती बोट, तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि २०१० च्या मेमध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परत मुंबईत. वाटेत फक्त चार थांबे. शिडाच्या बोटीतून एकट्याने हे करणारे ते पहिले भारतीय. मग त्याच बोटीतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. टॉमींचं नाव घेतल्यावर खोलीत हालचाल झाली. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत वादळात पाठीला जबर मार बसून बोटीत अडकलेला तो माणूस, आणि पुढच्या वेळी तीच शर्यत दुसरा येऊन पूर्ण करणारा तो माणूस, यांना सगळ्यांना माहीत होता. माझ्या ऑफिसातल्या एकाही भारतीयाला तो माहीत नव्हता, हे जाता जाता. व्याख्यान संपल्यावर काका आले आणि त्यांनी एकच विचारलं, "दोंदे झोपायचे कसे?" तासभर त्यावर बोललो.

मग एप्रिलचं फिटिंग-आउट सपर. काकांनी जेवता जेवता, मोठ्याने, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं सांगितलं. "मला एकदा शेर्बुर्गला जायचंय. दिवसा मला ठीक दिसतं. रात्री दिवे फाटतात, एकाचे दोन होतात, आणि डॉक्टर म्हणतात हे वाढणार. बोट मी चालवीन, पण रात्रीसाठी मला डोळे हवेत."

टेबल गप्प झालं. आपल्याकडे एखाद्या घरात काकांनी असं काही म्हटलं असतं तर काय झालं असतं? "कशाला आता या वयात," बरोबर? इथेही दोघांच्या तोंडावर ते होतंच. पण सेक्रेटरीबाईंनी वही काढली. अटी घातल्या. आधी चार दिवसाच्या सहली, एकाच क्रूबरोबर. मग सोलंटमध्येच एक रात्र. मग बघू. क्रू म्हणून एक अतिदक्षता विभागातली नर्स, जी वीस वर्षं बोटी चालवतेय, आणि मी. मला वाटतं काकांनी माझं नाव आधीच दिलं होतं.

आम्ही त्या सगळ्या अटी पाळल्या. त्या रात्रीच्या फेरीत काका सुकाणूवर आणि मी शेजारी, दिसेल तो दिवा मोठ्याने सांगत. लाल, दर दोन सेकंदांनी. हिरवा, एकदाच. पांढरा, हलतोय. दोन तासांनी घसा बसला. पण मला काय दिसतं आणि मी ते कसं सांगते, हे त्यांना कळलं, आणि ते ऐकून काय करतात हे मला कळलं.

आता व्हिसा. तुम्ही विचारलंच होतं. हो, लागतो. समुद्रावर रेघ मारलेली नसली तरी भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतोच, बोटीने गेलात तरी. अर्जात विचारतात, जाण्यायेण्याचं तिकीट जोडा. तिकीट कुठून आणू? काकांनी पत्र दिलं, की ही बाई माझ्या बोटीतून येईल आणि माझ्याच बोटीतून परत जाईल. बोटीची कागदपत्रं, विम्याची प्रत, शेर्बुर्गच्या मरीनाचं बुकिंग. व्हिसा मिळाला, मेअखेरचा, मोजक्या दिवसांचा.

मेच्या शेवटच्या लाँग वीकेंडला क्लबच्या पाच बोटी यार्मथला जमल्या. पहाटे रेडिओवर शिपिंग फोरकास्ट ऐकला. इथे समुद्राचे भाग पाडलेत, डोव्हर, वाइट, पोर्टलंड, प्लिमथ, आणि प्रत्येकाचं हवामान ठरावीक सुरात वाचतात. त्या दिवशी वाइटला नैर्ऋत्येचा वारा, जोर सहा, नंतर सात. ब्यूफोर्ट मोजपट्टीवर आठला वादळी वारा म्हणतात, म्हणजे आम्ही दारात उभे. काकांनी चहा संपवला आणि म्हणाले, "आज नाही. उद्याही नाही." दोन बोटी गेल्या. दोन्ही पोहोचल्या, नीट पोहोचल्या, आणि त्यांनी शेर्बुर्गहून कोलंबीच्या ताटाचे फोटो ग्रुपवर टाकले.

माझा व्हिसा वाया गेला. पुन्हा ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्यांचं शुल्क, पुन्हा बोटांचे ठसे नाहीत पण पुन्हा रजा. काका पैसे देत होते, मी घेतले नाहीत. चिडचिड झाली का? झाली. विशेषतः कोलंबी बघून. पण आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा त्यांच्याबद्दल चांगलं बोलली. "परत फिरणारा माणूस आहे ना? मग जा." २०१९ पासून पाण्याबद्दल तिने दिलेली ही पहिली परवानगी.

ऑगस्टअखेर पुन्हा यार्मथ. निघायच्या आधी ब्रिटनच्या सीमा विभागाला ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, निघण्याच्या किमान दोन तास आधी. कोण चाललंय, कुठे, परत कधी. संध्याकाळी ओहोटी धरून निघालो. हर्स्ट किल्ल्यापाशी सोलंट इतका अरुंद होतो की उतरणारं पाणी नळातून सुटल्यासारखं धावतं. त्याच्याबरोबर आपणही. मग नीडल्सचे पांढरे सुळके डावीकडे, आणि पुढे साठ सागरी मैल काही नाही.

ताशी पाच मैल धरले तर बारा तास. इंग्लिश खाडीतला प्रवाह सहा तास तुम्हाला एका बाजूला ढकलतो आणि सहा तास दुसऱ्या. म्हणून दर तासाला दिशा दुरुस्त करत बसत नाहीत. आधीच बेरीज-वजाबाकी करायची, एकच दिशा धरायची, आणि बोट नकाशावर लांबट एस काढत जाते तशी जाऊ द्यायची. मला हे गणित फार आवडतं. मध्यरात्री मोबाइलवर पाहिलं तर आपण रेषेपासून कित्येक मैल बाजूला, आणि काका म्हणतात, "अगदी बरोबर चाललंय."

वारा पडला होता. शीड नुसतं फडफडत होतं, म्हणून इंजिन चालू. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, पुढे येतो. नर्स खाली झोपली होती. मी आलेपाकाचा तुकडा गालात धरून बसले होते. पोट ढवळत असेल तर याच्यासारखं औषध नाही. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, दोन दिवस टिकतात आणि एका हाताने खाता येतात.

या खाडीच्या मधोमध जहाजांची वर्दळ असते, जणू दोन पदरी महामार्ग. दक्षिणेला जाताना आधी डावीकडून येणारी जहाजं भेटतात, अटलांटिककडे निघालेली. ती ओलांडली की उजवीकडून येणारी, डोव्हरकडे निघालेली. पहिला पदर सुरळीत गेला. तीनच्या सुमाराला उजवीकडे मला दोन पांढरे दिवे दिसले, एक खाली, एक जरा वर. थोड्या वेळाने त्यांच्याखाली लाल. म्हणजे मोठं जहाज, त्याची डावी बाजू आपल्याकडे, आणि ते आपल्यासमोरून डावीकडे जाणार. जाणार की आपल्यावर येणार, हे ओळखायची युक्ती जुनी आहे. हातातल्या होकायंत्राने त्याची दिशा बघायची, काही मिनिटांनी पुन्हा बघायची. दिशा बदलत असेल तर चुकामूक होणार. बदलत नसेल तर भेट होणार.

दोनशे पस्तीस अंश. पाच मिनिटांनी दोनशे पस्तीस. अजून पाच मिनिटांनी दोनशे पस्तीस.

मी काकांना सांगितलं. ते त्या दिशेला बघत होते आणि त्यांना काहीतरी उजेड दिसत होता, पण किती दिवे, कुठल्या रंगाचे, ते दिसत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांनी स्क्रीन बघायला सांगितलं. आजूबाजूच्या जहाजांची माहिती देणारं छोटं यंत्र होतं, त्यावर सर्वात जवळचं अंतर एक दशांश मैल दाखवत होतं. एक दशांश मैल म्हणजे दोनशे मीटरपेक्षा कमी. जहाजाची लांबीच तेवढी असेल.

काकांनी नर्सला हाक मारली, ती वर येत होती. मग मला म्हणाले, "तू काय करशील?"

मंडळी, ते परीक्षा घेत नव्हते. त्यांना खरंच दिसत नव्हतं.

मी म्हटलं, इंजिनवर आहोत, तो आपल्या उजवीकडे आहे, म्हणजे वाट आपण द्यायची. उजवीकडे वळायचं, भरपूर वळायचं, म्हणजे त्यालाही आपण वळलोय ते कळेल, आणि त्याच्या मागून जायचं. "वळव," ते म्हणाले, आणि सुकाणूवरचा हात काढून घेतला.

मी वळवलं. ते दिवे आता सरळ नाळेसमोर आले आणि दोनएक मिनिटं मला असं वाटलं की मी बोट मुद्दाम त्याच्यावर घालतेय. मग लाल दिवा डावीकडे सरकायला लागला. हळू, मग भरभर. ते जहाज आमच्या समोरून गेलं तेव्हा आधी त्याने तारे झाकले, मग इंजिनची धडधड छातीत जाणवली, मग त्याच्या मागचा एकच पांढरा दिवा. त्याच्या लाटांनी आम्हाला दोनदा चांगलं हलवलं. नर्सने पुऱ्यांचा डबा पकडला. कोणी काही बोललं नाही. काकांनी सुकाणू परत घेतलं, जुनी दिशा धरली आणि विचारलं, "अजून कोणी?"

"डावीकडे एक, लांब," मी म्हटलं. "दिशा बदलतेय."

पहाटे गातव्हिलच्या दीपगृहाचा उजेड दिसला, दहा सेकंदांत दोन झोत. शेर्बुर्गबद्दल फार सांगत नाही, तुम्ही यूट्यूबवर बघाल. प्रचंड मोठी दगडी भिंत बांधून केलेलं बंदर. १९१२ मध्ये टायटॅनिक साउदॅम्प्टनहून निघून पहिल्यांदा थांबलं ते इथेच, म्हणजे आमचा मार्ग तसा शुभशकुनी नव्हे, आणि हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. आम्ही पिवळा झेंडा लावला, पासपोर्टवर शिक्के घेतले, कोलंबी खाल्ली. काका एका बाकावर एकटे बसून आले. ते दोघं दर वर्षी तिथे बसायचे. आम्ही दोघी तोवर पाव घेऊन आलो.

लेइंग-अप सपर मागच्या शनिवारी झालं. सहलीचा वृत्तांत लिहायची तिथे पद्धत आहे, मी आमचा वाचला. जहाजाचा भाग आला तेव्हा काकांनी मध्येच थांबवून सांगितलं, "मला ते जहाज दिसलं नाही. हिला दिसलं." आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की रात्रीची बोट आता ते चालवणार नाहीत. बोटीत अर्धा हिस्सा नर्सने घेतलाय. काका दिवसा येतील, सोलंटमधल्या सोलंटमध्ये. गंजका नांगर त्या मेच्या कोलंबीवाल्यांपैकी एकाला गेला. येताना तो बंदराच्या तोंडाशी कोलंबी पकडायच्या दोरीत अडकला होता, हे त्यानेच सांगितलं.

हिशोब मागणाऱ्या ताईसाठी: मी दिले ते व्हिसाचे पैसे दोनदा, मरीनाच्या भाड्यातला आणि डिझेलमधला माझा तिसरा हिस्सा, आणि जेवण. तुमच्याकडे शिकायचं असेल तर यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाशी जोडलेले क्लब बघा, आणि आधी विचारा की क्रू म्हणून कोणी घेईल का. बोट सगळ्यात शेवटी.

या रविवारी क्रेन येतेय. काकांची बोट तिसऱ्या नंबरवर आहे, बूड खरवडायला मी आणि नर्स. सकाळचा बारा जणांचा चहाही माझ्याच पाळीत आलाय. आलं घालू का, म्हणून कमोडोरबाईंना मेसेज केला होता. आत्ता बोलता बोलता उत्तर आलं: घाल, पण अर्ध्यांच्याच कपात. भेटू पुढच्या भागात.